चंद्रावर शिट्टी

एकाहत्तरचं युद्ध मी लालबागच्या नाक्यावर उभा राहून काढलं, खडूने. नाक्यावर आमच्या मंडळाचा काळा फळा होता आणि त्यावर रोज संध्याकाळी एक व्यंगचित्र काढायचं काम माझ्याकडे, म्हणजे गुणाजी पेंटरकडे होतं. दिवसभर मी गिरणीच्या डिझाइन खात्यात साड्यांचे काठ काढायचो. मोरांच्या रांगा काढून काढून डोकं पिकायचं, त्यामुळे संध्याकाळी शत्रूचे सेनापती काढायला हात नुसता शिवशिवायचा.

युद्ध जिंकल्यावर गणपतीत मी आरमाराचा थोरला पडदा रंगवला. पेटलेलं बंदर, धूर, लाटा. लोक रांगा लावून बघून गेले. पुढच्या वर्षी कापड महागलं म्हणून मंडळाने त्याच पडद्याच्या पाठीवर राज्याभिषेक रंगवून घेतला, तोही माझ्याकडूनच. त्यानंतर त्याचं मांडवाला छप्पर झालं. मग एका सायंदैनिकात व्यंगचित्रांच्या चौकटी काढल्या. ते बंद पडलं आणि त्याच्या फायली रद्दीत गेल्या. खडूचं तर विचारूच नका. चित्रकार म्हणून मी जगलो याचा पुरावा मागितलात, तर भुकटीने लागलेला खोकला तेवढा दाखवू शकेन.

परीक्षक मात्र मला पक्की मिळाली होती. माझी बायको, सुभद्रा. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. पाळी सुटली की फळ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहायची. हसली तर चित्र पास. नाहीतर तोंड वाकडं करून म्हणायची, "माका हसूक येना नाय. पुसा ता." आणि मी हात उचलायच्या आत स्वतःच पदराने पुसून मोकळी व्हायची. तिच्या सगळ्या साड्यांचे पदर पांढरे. माझी आई तिला म्हणायची, नवऱ्याने पिठाची गिरणी काढलीय काय?

तेव्हा ब्लॅकआउट असायचा. खिडक्यांना काळे कागद लावलेले, आणि वॉर्डन म्हणून नेमलेले वसंत मास्तर शिट्टी फुंकत गल्लीभर ओरडत फिरायचे, "लाइट बंद करा!" एका संध्याकाळी मी काढलं: सगळी चाळ गुडुप, वर टपोरा चंद्र, आणि खाली गाल फुगवून वॉर्डन त्या चंद्रावर शिट्टी फुंकतोय. सुभद्रा हसली ती इतकी, की मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसलीच. म्हणाली, "ह्या नका पुसू." पण दुसऱ्या दिवशी बातमी लिहायला फळा हवा होता. पुसलं. फोटो काढायला स्टुडिओत जायचे दिवस ते, फळ्याचा फोटो कोण काढणार!

सुभद्राला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दीपक पुण्यात असतो. गिरणीच्या जागी टॉवर आलाय आणि फळ्यावर वाढदिवसांचे फ्लेक्स लागतात. दिवसभरात माझ्याशी कुणी बोलतं ते एवढंच, "काका, जरा बाजूला."

गेल्या मे महिन्यात सीमेवर तणातणी झाली, मुंबईत हवाई हल्ल्याच्या भोंग्याची चाचणी झाली, आणि मंडळाच्या सेक्रेटरीला माझी आठवण झाली. हितेंद्र घरी आला. "काका, तुम्ही वॉरमध्ये कार्टून काढायचात ना? ते चंद्रवालं परत काढा ना. आजोबा सांगायचे आमचे. आपण वरून काच लावू, एकदम परमनंट. उद्या सकाळी काचवाला येतोय."

परमनंट! आयुष्यभरात माझी एक रेघ टिकली नव्हती, आणि आता चित्राला काच लागणार होती. खरं सांगतो, रडू फुटायचंच बाकी होतं.

दुपारी फळा धुऊन घेतला. खडू पुसायची चिंधी घरून नेली, सुभद्राच्याच जुन्या साडीची. वॉर्डन जमला, चाळही जमली. चंद्र मी पूर्वी एका फेऱ्यात काढायचो. आता फेरा जुळलाच नाही आणि वर कोंबडीचं अंडं लटकलं. गालात हवाही भरली नाही. वॉर्डन दाढ दुखत असल्यासारखा दिसायला लागला.

पण गर्दी जमली. "वा काका, कडक!" टाळ्या झाल्या. एकेक जण फळ्याकडे पाठ करून मोबाइल उंच धरून स्वतःचा फोटो काढू लागला. मी तोंडं बघत होतो. फोटोसाठी सगळ्यांचे दात दिसत होते, पण चित्राला कुणी हसलं नाही. हितेंद्रची मुलगी कॉलेजात जाते, तिने निदान वळून बघितलं.

"आजोबा, हा रेफरी आहे का?"

मी ब्लॅकआउट सांगितला, वॉर्डन सांगितला, चंद्र विझवता येत नाही हेही सांगितलं. विनोद समजावून सांगायची पाळी शत्रूवरही येऊ नये.

"ओह. नाइस," ती म्हणाली.

घरी येऊन दीपकला फोन लावला. हितेंद्रने फोटो पाठवला होता त्याला.

"बाबा, भारी! ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं मी."

"हसू आलं का रे?"

"अं? हो, म्हणजे... मस्तच आहे. मीटिंगला बसतोय बाबा, नंतर करतो."

दिवेलागणीला पुन्हा नाक्यावर गेलो. फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, ती राहायची तसा. वाटलं, असू दे की. उद्या काच लागेल, खाली नाव येईल, मी गेल्यावर कुणीतरी म्हणेल, इथे एक पेंटर होता. पुन्हा ते अंडं बघितलं. ती असती तर इतका वेळही थांबली नसती. मला तिची इतकी आठवण आली की चित्र दिसेनासं झालं. खिशातली चिंधी काढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पुसून टाकलं.

सकाळी हितेंद्र दारात हजर. मागे काच घेऊन काचवाला.

"काका, कुणीतरी चित्र पुसलं! सीसीटीव्ही काढतो, सोडणार नाही त्याला!"

"त्याला नाही रे, तिला," मी म्हटलं. "तुझ्या काकूने पुसलं."

हितेंद्र जवळ आला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "काका, काकू तर..." आणि माझ्या डोक्याकडे असा काही बघायला लागला की मागचा काचवालाही गाल फुगवून, जड काच सांभाळत, माझ्याकडे टक लावून बघू लागला. अगदी तसेच गाल! काल दुपारी मला जमले नव्हते ते.

मला हसू फुटलं. पोट धरून हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आणि सवयीने बाजूला वळून बघितलं, ती हसतेय का ते.