हाडाची सुई

भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक अवजाराची काळी आकृती रंगवलेली होती आणि प्रत्येक आकृतीवर तिचं अवजार टांगलेलं होतं. एकवीसच्या एकवीस! म्हणजे एकही अवजार आत राहिलं नव्हतं, नव्या अंतराळयानाचं पॅराशूट आता सीलबंद करायला हरकत नव्हती. तास्यामावशीनं सहीसाठी पेन उचललं, सवयीनं एप्रनच्या खिशात हात घातला.

खिसा रिकामा!

आईची क्रोशाची सुई. हाडाची, पिवळी पडलेली. घड्यांमधून दोऱ्या ओढायचा कारखान्याचा लोखंडी आकडा कापडाला ओरखडे पाडायचा, म्हणून मावशी सहा वर्षं हीच चोरून वापरत होती. फळ्यावर तिची आकृतीच नव्हती. ती हरवली हे जगात कुणाला कळणारही नव्हतं.

"सही करताय की कादंबरी लिहिताय, मावशी?" शेजारची ल्युस्या खिदळली. "बाहेर ट्रक गुरगुरतोय!"

परवा यान विमानातून खाली सोडणार होते. या वेळी आत पुतळे, पुढच्या खेपेला जिवंत माणसं. सुई दोऱ्यांत अडकली असेल तर यान दगडासारखं आदळणार. आणि तोंड उघडलं तर नोकरी जाणार, तीही पेन्शनला चौदा महिने उरले असताना.

मुख्य इंजिनियर ग्लेब अर्कादियेविच दारात आले. "खोळंबा कसला?"

"उघडा ते," मावशी म्हणाली.

"तीन दिवसांचं काम उघडू? डोकं ठिकाणावर आहे ना? फळा तर भरलाय!"

"फळ्याला माहीत नाही. मला माहीत आहे." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

ल्युस्याचं हसू जागच्या जागी विझलं.

घडीमागून घडी उलगडत गेली. दहा, वीस, चाळीस... काहीच नाही! ग्लेबचे कान लालबुंद झाले होते. "घरीच राहिली असेल तुमची ती—"

ते बोलायचे थांबले. अगदी तळाशी, मुख्य दोरीच्या फाशात, सुई आडवी बसली होती. त्यांनी दोरी ओढून पाहिली. पुन्हा ओढली. तसूभरही हलली नाही.

हे पॅराशूट उघडलंच नसतं.

"माझं काय?" शेवटी मावशीनंच विचारलं.

"ते नंतर. आधी घडी घाला."

"लोखंडी आकड्यानं नाही घालणार."

ग्लेबनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग फळ्याच्या कोपऱ्यात सुई टेकवली, काळा रंग मागवला आणि तिच्याभोवती हळूच ब्रश फिरवला.

"बावीस," ते म्हणाले.