‘सावकाश’ कट्ट्यावरची बंदी

मी तात्पुरती बंदी बोलतेय. हो, तीच, इंटरनेटवरच्या कट्ट्यांवर माणसांना काही दिवस गप्प बसवणारी. हुकूमशहा, कैदाशीण, मुस्कटदाबी करणारी, सगळं म्हणून झालंय मला. आज माझीही बाजू ऐका. माफी मागायला मात्र मी आलेले नाही.

माझा जन्म ‘सावकाश’ नावाच्या कट्ट्यावर झाला. बोलताना अडखळणारी माणसं तिथे जमतात, लिहितात आणि धीर आला की आपला आवाज रेकॉर्ड करून टाकतात. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या ताईने हा कट्टा सुरू केला. तीही अडखळते. तिच्या भावाने मला बनवलं आणि तिच्या मोबाइलवर एका कोपऱ्यात करडं बटण करून बसवलं. बरेच दिवस माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मास्तरांचं सुरू झालं. मास्तर भाषणकलेचे वर्ग घेत. लहानपणी तेही अडखळायचे, मेहनतीने सुधारले. कट्ट्यावरच्या कितीतरी जणांना श्वास कसा सोडायचा ते त्यांनीच शिकवलं, हे मी नाकारत नाही. पण हळूहळू ते ज्याच्या त्याच्या अंगावर येऊ लागले. अडखळणं म्हणजे निव्वळ आळस, असं त्यांचं म्हणणं. ताईने समजावलं, ते त्यांनी कानाआड केलं.

नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने पहिल्यांदाच आपला आवाज टाकला. कामाची पाळी बदलताना पुढच्या नर्सला रुग्णांची माहिती तोंडी द्यावी लागते, त्याची ती तयारी करत होती. मास्तरांनी त्यातले फक्त अडखळलेले तुकडे कापून जोडले आणि कट्ट्यावर लावले. खाली लिहिलं, ‘एवढ्या वेळात रुग्ण दगावेल.’ काहीजण हसले. मुलगी दिसेनाशी झाली.

ताईने ते काढून टाकलं. मास्तरांनी पुन्हा लावलं. तेव्हा ताईने मला दाबलं. पंधरा दिवस लिहिणं बंद, वाचणं चालू. कारणही सगळ्यांना दिसेल असं लिहिलं.

मास्तर वेगळ्या नावाने आत शिरले. तेही खातं बंद झालं. मग त्यांनी फोनच केला. मी त्याच मोबाइलमध्ये, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला. हा कट्टा आपल्या जिवावर उभा राहिला, असं त्यांनी चढ्या आवाजात सुनावलं.

“मा... मा...” ताई अडकली.

“माफ करा, हेच ना?”

ताई थांबली. तिने श्वास सोडला.

“मा... मास्तर, माझं वाक्य मी पूर्ण करणार. बं... बं... बंदी पंधरा दिवसांची आहे. नंतर या. त्या मुलीची टिंगल केलीत, तर पुन्हा बं... बंदी.”

माझं नाव इतक्या कष्टाने आणि इतक्या ठामपणे कुणी घेतलं नव्हतं. पलीकडून फोन ठेवला गेला.

मास्तरांचे काही शिष्य रागावून निघून गेले. भाऊ म्हणाला, मास्तरांना कायमचंच काढून टाक. ताईने तेही ऐकलं नाही. त्यांनी शिकवलेला श्वास आपण रोज वापरतो, असं ती म्हणाली.

मधल्या काळात ताईने त्या मुलीला हरप्रकारे धीर दिला होता. मुदत संपली त्याच आठवड्यात मुलीने नवा आवाज टाकला. लांबलचक, जागोजागी अडलेला, पण शेवटच्या रुग्णापर्यंत पोचलेला. खाली मास्तरांनी दोनच शब्द लिहिले, ‘पूर्ण ऐकलं.’ मुलीने उत्तर दिलं नाही. तिला ते द्यायची गरजही नव्हती.

मला हटवा म्हणणारे अजून आहेत. म्हणू देत. रागाच्या भरात मला दाबू नका, एवढीच माझी विनंती. पण घाबरून कुणी गप्प होत असेल, तर हात आखडू नका. शिव्या खायला मी समर्थ आहे.