उलटा पीळ

क्षितिजाचं बोट मोगऱ्याच्या कळीपर्यंत पोचायच्या आधी साधारण अर्धा सेंटीमीटर थांबतं, थरथरतं आणि कळीच्या पलीकडे निघून जातं. पुढच्या प्रयत्नात कळी हाती लागते, पण तोवर तिचा देठ मोडलेला असतो.

ओटीवर गवार मोडता मोडता अश्लेषा मुलीचा हात पाहत होती. ती कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायची. मूल नवव्या-दहाव्या महिन्यात चिमटीत दाणा धरतं, चौथ्या वर्षी बटण लावतं, मग बुटाची नाडी बांधतं आणि वयात येईपर्यंत हालचालीतला अडखळलेपणा विरत जातो, हे तिनं कित्येक वर्गांना सांगितलं होतं. क्षितिजानं हे सगळं वेळेवर केलं होतं. सातव्या वर्षी ती आजोबांशेजारी बसून केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, ओल्या दोऱ्यानं गजरा बांधू लागली. फुलांच्या वाडीतल्या घरात ते कुणी मुद्दाम शिकवत नाही. आता ती चौदा वर्षांची होती आणि जे शेवटी आलं तेच आधी निघून चाललं होतं. आधी गाठ सैल पडू लागली. मग अक्षर बिघडलं. आता चालताना भिंतीचा आधार लागत होता.

आजार जनुकांमधून आलेला आहे, गेलेलं परत येणार नाही, चाकांची खुर्ची घ्या, असं डॉक्टरांनी गेल्या दिवाळीआधीच सांगितलं होतं. अश्लेषानं मुलीला सांगितलं, अशक्तपणा आहे, व्यायामानं जाईल. मग ती तिला एव्हरशाईनमधल्या दवाखान्यात व्यायामासाठी नेत राहिली. खुर्ची दारात आली की आपलं बोलणं खोटं ठरणार, म्हणून खुर्चीचा विषय ती निघूच देत नव्हती.

"काय कारखानदारीणबाई, माल तयार का?" अश्लेषाचे सासरे हिरामण टोपली घेऊन आले.

"देठ तुटतायत, आजोबा."

"तुटू देत. गिऱ्हाईक देठ मोजत नाही."

त्यांनी तिचा गजरा उचलून ओल्या फडक्यात ठेवला. रोजच्यासारखे ते आत जाऊन तो उसवणार होते, चांगल्या कळ्या घेऊन घट्ट बांधणार होते आणि सकाळी तिला दाखवणार होते, बघ, तुझाच. युक्ती त्यांची होती. अश्लेषानं ती चालू दिली होती.

"आज नका उसवू," क्षितिजा म्हणाली.

"मी कशाला उसवतोय?"

"मी डावखुरी आहे, आजोबा. माझा पीळ उलटा पडतो. सकाळच्या गजऱ्याचा पीळ तुमचा असतो. एवढं आयुष्य गजऱ्यांत गेलं तुमचं, आणि एवढंही ध्यानात आलं नाही?"

हिरामण टोपली हातात धरूनच पायरीवर बसले. "कधी कळलं तुला?"

"गणपतीत. तुम्हाला बरं वाटत होतं, म्हणून बोलले नाही."

त्यांनी फडकं उघडलं, गजऱ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटलं. एक कळी निसटून पायरीवर पडली. क्षितिजानं ती उचलायचा प्रयत्न केला. बोट कळीच्या पलीकडे गेलं. तिनं हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"आई, व्यायामानं जाणार आहे का हे?"

अश्लेषानं हातातली शेंग ताटात ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "वाढतच जाईल. उद्या आपण चाकांची खुर्ची आणायला जाऊ."