चौदा वळणं

दुकानदाराने मला तिसऱ्यांदा विचारलं, "मिस्त्रीला फोन लावून देता का?"

फ्रिज आणि एसीच्या सुट्या भागांचं दुकान. पोटाशी झोळीत बांधलेली सात महिन्यांची ठकी, आणि माझ्या मागे दोन गिऱ्हाइकं, हसू दाबत उभी. मी मागितली होती पाव इंची तांब्याची नळी, गुंडाळीतली, मऊ, बारा मीटर. त्याने आधी पितळेचा नळ दाखवला. मग कडक, सरळ दांडे काढले.

"मिस्त्री मीच आहे."

"बरं, मग वहिनी, फ्रिज कुठला ते तरी सांगा."

मी म्हटलं, फ्रिज नाही, कॉम्प्युटर. मागच्या दोघांनी हसू दाबणं सोडून दिलं. त्यातला एक म्हणाला, आता कॉम्प्युटरलाही नळजोडणी लागते म्हणायची. ठकीही हसली, कारण माणसं हसली की ती हसते. मी तिच्या डोक्यावर ओठ टेकले आणि दुकानदाराला सांगितलं की वरच्या फळीवर ती गोल गुंडाळी आहे, तीच द्या, आणि माझ्यासमोर मोजा.

नळी घेऊन घरी आले तोवर दात आवळून जबडा दुखायला लागला होता.

मी अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करते. भिंती, खिडक्या, खिडकीतून येणारं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर. एक चित्र पूर्ण व्हायला मशीनला चार तास लागतात आणि त्या चार तासांत ते तापतं. तापलं की पंखा सुटतो, खोलीत मिक्सर लावल्यासारखा. पाळणा टेबलापासून दोन हातांवर. ठकी दचकून उठते, तिला घेऊन मी फेऱ्या मारते, आणि तेवढ्यात मशीन शंभर अंशांना पोचून स्वतःच बंद पडतं. दोन वेळा झालं. दोन्ही वेळा चित्र गेलं. काम देणाऱ्या ऑफिसातल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं होतं की शुक्रवारी दुपारी बारापर्यंत चित्रं आली नाहीत तर हे काम त्या दुसऱ्या कुणाला तरी देतील, आणि पुढचंही. बाळंतपणानंतर मिळालेलं हे पहिलंच काम. ते गेलं की मी पुन्हा फक्त ठकीची आई. ठकीची आई असण्याबद्दल माझी तक्रार नाही. 'फक्त'बद्दल आहे.

नवरा म्हणाला, "अगं, ठकीला दुसऱ्या खोलीत झोपव." दुसऱ्या खोलीत हा मोठ्या आवाजात सामने बघतो आणि सासरे घोरतात. मशीन पाण्याने थंड करणारा तयार रेडिएटर मागवला तर तीन आठवडे लागणार होते. म्हणून मी ठरवलं, घरीच करायचा. फिश टँकचा छोटा पंप पाणी फिरवणार, मशीनच्या मेंदूवर बसवायची धातूची डबी जुन्या बाजारातून आणली होती, आणि तापलेलं पाणी खिडकीबाहेर तांब्याच्या नळीतून वळणं घेत वाऱ्यावर थंड होणार. पंखा नाही, आवाज नाही.

नळी वाकवायला जागा नव्हती आणि वेळ तर नव्हताच. ठकी सकाळी पाऊण तास झोपते, दुपारी सव्वा तास. तेवढ्यात जमिनीवर बसायचं. नळी चेमटू नये म्हणून आत मीठ ठासून भरलं, दोन्ही टोकं चिकटपट्टीने बंद केली. ठकीची काचेची दुधाची बाटली गुडघ्यांत धरली आणि नळी तिच्याभोवती हळूहळू ओढली. एक वळण, मग उलटं वळण. मऊ तांबं हाताखाली असं वळतं की वाटावं त्याचीच इच्छा होती. तीन दिवसांत चौदा वळणं झाली. एकही चेमटलं नाही. बुधवारी सकाळी ती नागमोडी चौकट व्हरांड्यात ठेवून मी ठकीला लस द्यायला घेऊन गेले.

परत आले तर व्हरांड्यात नळी होती. आमच्या दारापासून पार जिन्यापर्यंत, जमिनीवर, दोरी ताणल्यासारखी सरळ. शेजारी लाकडी हातोडी आणि वर्तमानपत्रावर मिठाचा ढीग. सासरे भिंतीला टेकून बसले होते, सदरा घामाने भिजलेला, चेहरा समाधानाने उजळलेला.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं नळ दुरुस्त केले. नाकासमोर चालणारा माणूस. नळीनेही नाकासमोर चालावं, ही त्यांची श्रद्धा.

"झाली बघ सरळ," ते म्हणाले. "तीन दिवस झगडत होतीस बिचारी, मला बघवेना. दुकानदाराने फसवलं तुला, सगळी वाकडी नळी दिली. आत मीठही भरलं होतं मेल्याने, वजनाला."

ठकी लशीने किरकिरत होती. मी तिला थोपटत उभी होते, आणि जो हात थोपटत नव्हता त्याची मूठ झाली होती.

"मी ती सरळ करत नव्हते, बाबा. वाकवत होते."

"सरळ नळी वाकवायची कशाला?"

"हे तुम्ही तीन दिवसांत एकदाही विचारलं नाहीत. दुकानदाराने नाही, तुमच्या मुलाने नाही. सगळ्यांना माझ्या हातातलं काम बघून आधीच माहीत असतं की ते माझ्याच्याने होत नाहीये."

आवाज चढवला नाही, ठकी खांद्यावर होती. पण शेवटचे शब्द फाटले. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरलं, बादली उपडी केल्यावर तळाचं पाणी निघावं तसं. ते म्हणाले की ते परत वाकवून देतात, त्यात काय. जुन्या वळणाच्या जागी नळीला गुडघा लावला. नळी हललीच नाही. आणखी जोर लावला तशी ती एका ठिकाणी चेमटली, कागदाच्या नळीसारखी.

"रुसली," ते हळूच म्हणाले.

तांबं एकदा वाकवून पुन्हा सरळ केलं की ताठ होतं, हे मला माहीत होतं. त्याला त्यांच्या धंद्यात रुसणं म्हणतात, हे माहीत नव्हतं. शब्द ऐकून मला हसू आलं असतं, एरवी. तेव्हा वाटलं, बरोबर आहे तिचं.

"लाल होईतो तापवली की मऊ पडते," ते म्हणाले. "थांब, ज्योतीचा बंब आणतो. तू ठकीकडे बघ."

ते आपला जुना बंब घेऊन आले, निळी ज्योत सोडणारा, आयुष्यभर दुसऱ्या कुणाच्या हाती न दिलेला. मी हात पुढे केला.

"द्या इकडे. ठकीला तुम्ही बघा."

"अगं, भाजशील."

"बाबा, द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बहुधा चेमटलेल्या जागेकडेही. मग बंब दिला आणि ठकीला असं घेतलं, जणू गळका पाइप दोन्ही हातांनी दाबून धरलाय. लांबूनच सांगत राहिले की आत मिठाचा कण किंवा ओल नको, फुंकून घे. उजेडात लाली दिसत नाही, जिन्याखालच्या अंधारात ने. या वेळी त्यांनी सांगितलेलं सगळं माझ्या उपयोगाचं होतं, याचाही मला राग आला. मी नळी जिन्याखाली सरकवत नेली, जुन्या वळणांच्या जागी खडूने खुणा केल्या आणि एकेका खुणेवर ज्योत धरली. तांबं आधी काळवंडलं, मग आतून अंधुक लाल झालं. ओलं फडकं टेकवलं की चर्र. चौदा वेळा.

दुपारभर मी पुन्हा मीठ भरून वाकवत बसले. चेमटलेला तुकडा कापून तिथे रबरी नळीचा जोड दिला. सासरे ठकीला घेऊन समोर बसले होते. मधेच पुटपुटले, "कुत्र्याचं शेपूट नळीत घालतात ऐकलं होतं. इथे नळीच शेपटासारखी." मी हसले नाही. ठकी हसली.

मी रागावलेलीच होते. गुरुवारी चौकट खिडकीबाहेर बांधतानाही, पंप लावून जोड गळतायत का बघतानाही. मशीन सुरू केलं. बासष्ट अंश. ठकी झोपली. पाळण्याची करकर ऐकू येत होती, इतकी शांतता. चार तासांत चित्र पुरं झालं, मग दुसरं, आणि शुक्रवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सगळी चित्रं पाठवली. बाईंचं एका शब्दाचं उत्तर आलं, "पोचलं". पाठोपाठ पुढच्या घराचे नकाशे.

संध्याकाळी नवऱ्याने खिडकीतून वाकून बघितलं आणि शीळ घातली. "बाबा, तुम्ही बनवलंत?"

मी टेबलाशी होते. वळले नाही. माउसवरचा हात थांबला तेवढा.

"मी सरळ केलं होतं," सासरे म्हणाले. "वाकडं तिने केलं. कसं, ते तिलाच विचार."

नवरा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मग त्याने विचारलं.

मी नव्या घराची खिडकी काढत होते. ती पुरी केली, आणि मग सांगायला लागले, पहिल्या वळणापासून.