पर्समधल्या चार गोळ्या

मी एक इंजेक्शनची कुपी. पोटात चिमूटभर पांढरी पूड, डोक्यावर रबराचं बूच. सध्या ट्रेमध्ये उभी आहे, आणि खरं सांगते, मला भीती वाटतेय.

आमचं घराणं सेफॅलोस्पोरिन नावाच्या, जंतू मारणाऱ्या औषधांचं. जंतू स्वतःभोवती भिंत बांधतो. आम्ही त्याच्या गवंड्यांचे हात धरून ठेवतो. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटून मरतो. पहिल्या पिढीने कातडीचे, जखमांचे जंतू आवरले. आजही ऑपरेशनआधी तिलाच बोलावतात. पुढच्या पिढ्यांनी वेगळ्या, चिवट जंतूंना हात घातला. मी तिसरीतली. पाचवी तर आम्हाला दाद न देणाऱ्या काहींनाही पुरून उरते. पण काही जंतूंकडे आता कात्री आहे. ती आमच्या गाभ्यातली कडीच तोडते. मग आमच्यात आणि साध्या पाण्यात काही फरक उरत नाही.

समोर खाटेवर बारा वर्षांची ठमी तापाने फणफणलीय. लघवीच्या वाटेने शिरलेले जंतू रक्तात पोचलेत. सिस्टरने तिच्या आईला विचारलं, "आधी काही औषध दिलं होतं?"

"नाही हो, काहीच नाही."

पण फाईल काढताना आईच्या पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप डोकावली. ती माझ्याच पिढीतली बहीण होती. दहातल्या चार उरलेल्या. सहा गोळ्यांनंतरही जे जंतू उरले, त्यांच्याकडे ती कात्री असणार.

सिस्टरने बुचातून पाणी सोडलं, मला हलवलं. पूड विरघळली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण कुपीचं कोण ऐकतं?

"सिस्टर, थांबा." आई उठून उभी राहिली. "रागावू नका. मागच्या महिन्यात हाच त्रास होता. ताप उतरला म्हणून गोळ्या मीच बंद केल्या. मग कधी अंग गरम लागलं की उरलेल्यातली एखादी द्यायचे. फुकट कशाला घालवायच्या, म्हटलं."

कोणी रागावलं नाही. डॉक्टर आल्या, स्ट्रिप उलटसुलट पाहिली.

"कुठलं औषध चालेल हे सांगणाऱ्या रक्ताच्या रिपोर्टला दोन दिवस लागतील. तेवढं थांबता येणार नाही. हे इंजेक्शन राहू दे, दुसरं लावा."

मी न वापरताच टाकली जातेय, आणि मला हायसं वाटतंय. ठमीला आता तरी लागू पडणारं औषध मिळेल. पण भीती गेलेली नाही. तुम्हीही गोळ्या अर्ध्यावर सोडू नका हो, उरलेल्या जपून ठेवू नका. सिस्टरने ते शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून काढलं. त्याच्या वर फळी नाही.