न्यूट्रलमधली घरघर

सुमनताई देवस्थळी गाडी चालवायला शिकल्या त्या शाळेतून निवृत्त झाल्यावर. पती शरदरावांच्या बँकेतल्या बदलीमुळे त्या तरुणपणीच कोलकात्यात आल्या, डमडमच्या एका शाळेत मुलींना भौतिकशास्त्र शिकवू लागल्या, आणि शरदराव गेल्यावरही इथेच राहिल्या. गाडी आली तीही योगायोगाने. बदली होऊन निघालेल्या एका शेजाऱ्याला ती सोबत न्यायची नव्हती आणि भंगारात घालायला जीव होत नव्हता. जवळजवळ फुकटातच मिळाली. रंग उडालेला, मागची एक काच अर्ध्यावर अडकलेली, पण चालायची.

त्या हिवाळ्यात मात्र ती घरघरायला लागली. सिग्नलला उभी असली की पोटातून आवाज यायचा, जात्यात खडा सापडल्यासारखा. शेजारच्या ऑटोतले लोक वाकून बघायचे.

मुलगा शौनक सॉल्ट लेकच्या एका कंपनीत होता. लहानपणापासून इथेच वाढल्यामुळे त्याचं मराठी अधूनमधून घसरायचं.

"आई, तो गाडी आता देऊन टाक."

"ती गाडी."

"हो, ती. भंगारवाल्याशी बोललोय मी. सोमवारी येतोय."

"मला न विचारता?"

"रस्त्यात कुठे बंद पडली म्हणजे? तू एकटी असतेस."

चहा तसाच ठेवून सुमनताई खाली उतरल्या आणि गाडी सुरू केली. घरघर. क्लच दाबला. आवाज एकदम थांबला. पाय उचलला, तशी घरघर परत. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मग काच खाली करून गॅलरीकडे तोंड करून हाक मारली, "शौनक! खाली ये आधी!"

तो चपला फटफटवत धावत आला. त्यांनी त्याला शेजारी बसवलं. "ऐक. आता?"

"आहे आवाज."

"आता?"

"गेला!"

"क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटतात. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे. दुखणं गिअरबॉक्सात आहे, आणि तेही अगदी तोंडाशी."

"मग काय करायचं?"

"उघडून बघायचं," सुमनताई म्हणाल्या.

रविवारी सकाळी दोघं नागेरबाजारच्या गल्लीतल्या सलीलबाबूंच्या गॅरेजमध्ये गेले. सलीलबाबू जाडजूड, अबोल माणूस. आवाज ऐकून त्यांनीही मान डोलावली. गिअरबॉक्सच. पण उघडायला ते तयार नव्हते. "मल्लिकबाजारातून दुसरा जुना आणतो, दिदिमणी. हा काढायचा, तो बसवायचा. खोलत बसलो तर दिवस जाईल."

"जाऊ दे दिवस," सुमनताई म्हणाल्या. "आयुष्यभर मी फळ्यावर याची चित्रं काढली, सलीलबाबू. खरा एकदाही बघितलेला नाही."

कपाटामागून एक स्टूल ओढून सलीलबाबूंनी ते फडक्याने पुसलं.

आधी तेल काढलं. काळंभोर तेल परातीत उतरलं आणि उन्हाची तिरीप पडताच त्यात चंदेरी लहरी चमकू लागल्या. शौनक वाकला. "हे काय चमकतंय?"

"पोलाद. झिजून झिजून त्याचं पीठ झालंय," सुमनताई म्हणाल्या.

दुपार कलायला आली तेव्हा गिअरबॉक्स खाली उतरून टेबलावर आला होता. सलीलबाबूंनी एकेक बोल्ट सोडवला, लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकलं आणि वरचं कवच अलगद उचललं.

सुमनताई उभ्या राहिल्या.

आत दोन दांडे शेजारी शेजारी उभे होते, आणि त्यांच्यावर लहानमोठी दातेरी चाकं एकाच्या डोक्यावर एक अशी रचलेली. बाहेरून सगळी गाडी गंजलेली, पोचे आलेली. आणि आत दात्यांवर आरशासारखी झळाळी. दाते तिरके कोरलेले, एकमेकांत असे गुंतलेले की मधून कागदही सरकला नसता. इतकी वर्षं हे सगळं अंधारात, तेलात बुडून फिरत होतं, आणि कुणीही ते पाहिलं नव्हतं.

"फिरवू का?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, की सलीलबाबूंनी नुसती मान हलवली.

पहिला दांडा त्यांनी बोटांनी फिरवला. दुसऱ्या दांड्यावरची चाकं एकदम जागी झाली. एक भरभर, एक संथ, एक त्याहून संथ. प्रत्येक आपल्याच गतीने. आणि त्यांच्या पोटातून गेलेला दांडा मात्र स्तब्ध. जरासुद्धा हलत नव्हता.

"अरे देवा," सुमनताई म्हणाल्या. "शौनक, हे बघ. सगळे गिअर एकाच वेळी फिरतायत. गाडी उभी असतानासुद्धा! गिअर बदलताना यातलं कुठलंही चाक कुठून येत नाही, कुठे जात नाही. आता ही दोन चाकांमधली कडी सरकव. हळू."

शौनकने अंगठ्याने कडी ढकलली. खट् असा बारीक आवाज झाला आणि सगळ्यात संथ चाकाने आतल्या दांड्याला धरलं. तोवर स्तब्ध असलेला दांडा फिरू लागला.

"हा पहिला," शौनक पुटपुटला. कडी उलट सरकवली. दांडा जास्त वेगाने फिरला. "हा दुसरा." त्याने मोबाइल खिशात टाकला होता, फोटो काढायचंही त्याला सुचलं नाही. "आई, हे कुणी... म्हणजे, कुणाच्या डोक्यात आलं असेल हे पहिल्यांदा?"

"माहीत नाही रे." सुमनताई अजून दांडा फिरवतच होत्या. "परीक्षेत दोन मार्कांना विचारायचे मी हे."

सलीलबाबूही पाना खाली ठेवून उभे होते. "फिरवा ना अजून एकदा," ते म्हणाले. "कामाच्या घाईत असं बघणं होत नाही." मग तिघांनी आळीपाळीने फिरवलं, रिव्हर्ससुद्धा. मध्ये फक्त एक छोटं चाक येऊन बसतं, आणि सगळी गाडी उलटी जाते.

दोष सापडला तो तोंडाशीच. बेअरिंगचा एक छर्रा देवीच्या वणांसारखा खडबडीत झाला होता. सुमनताईंनी तो तळहातावर घेतला. वाटाण्याएवढा. एवढ्याशा गोळीने सगळी गल्ली डोक्यावर घेतली होती.

नवं बेअरिंग आणायला शौनक स्वतः मल्लिकबाजारला गेला. जाता जाता त्याने भंगारवाल्याला फोन केला. "नाही, द्यायची नाही आता," एवढंच म्हणाला.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. सलीलबाबूंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की तिसऱ्या गिअरचे दाते थोडे खाल्लेले आहेत, ते गाणं म्हणतील. तसं ते म्हणत होते. सुमनताईंना त्याचं काही वाटलं नाही.

जेसोर रोडवर नेहमीसारखी गर्दी तुंबली. त्यांनी न्यूट्रल टाकला, क्लचवरून पाय काढला. गाडीच्या पोटात शांत होतं. पुढे बस होती, डाव्या हाताला ऑटोंची रांग, मागे मालाचा टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"शौनक," त्या म्हणाल्या, "या सगळ्यांच्या पोटात आत्ता फिरतायत ती चाकं."

शौनकने खिडकीबाहेर पाहिलं. एकेका गाडीवरून त्याची नजर रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, जिथवर दिसत होतं तिथवर. पुढची बस हलली तरी दोघंही तसेच बसून राहिले, मागचा टेम्पोवाला ओरडेपर्यंत.