खांद्याला टेकलेलं पिस्तूल

व्हर्जिल आजोबांचं किट आलं त्या दिवशी घरात बाळ आल्यासारखं कौतुक चाललं होतं. काळा, हलका सांगाडा. त्यात रोजचं पिस्तूल बसवलं की मागे खांद्याला टेकायला दस्ता, पुढे धरायला मूठ, आणि पिस्तुलाची झाली छोटी बंदूक, म्हणजे कार्बाइन. अशा बंदुकीला वेगळा सरकारी परवाना लागतो, आणि त्यासाठी आजोबा अख्खा हिवाळा थांबले होते.

"हात थरथरतो म्हणून नाही हं," त्यांनी कुणी न विचारताच सांगून टाकलं. "जरा नवीन काहीतरी."

त्यांच्या नातीने, मार्लीने, मान डोलावली. रोज सकाळी टेबलावर सांडलेली त्यांची निम्मी कॉफी तीच पुसत होती.

शनिवारी सेज फ्लॅटच्या नेमबाजी क्लबात पिस्तुलाचा सामना होता. आजोबा क्लबचे अध्यक्ष आणि या सामन्यातले कायमचे पहिले. पंचाची शिट्टी मात्र या वेळी पहिल्यांदाच मार्लीच्या गळ्यात होती, आणि शिट्टी ज्याच्या गळ्यात त्याचा शब्द शेवटचा. तिला तर ती घालून झोपावंसं वाटत होतं.

आजोबा किट घेऊन ऐटीत पिस्तुलाच्या रांगेत उभे राहिले. मार्ली त्यांच्याजवळ गेली. खांद्याला टेकतं ते पिस्तूल नव्हे, हा नियम आजोबांनीच केला होता. क्लबातला ओरिन प्रूइट हात थरथरतो म्हणून असंच किट घेऊन आला, तेव्हा खास त्याच्यासाठी. तेव्हापासून ओरिन पलीकडे, कार्बाइनच्या रांगेत, शाळकरी पोरांबरोबर.

"आजोबा, तुम्ही तिकडे."

"तिकडे कुठे?"

"कार्बाइनच्या रांगेत."

"आत माझंच पिस्तूल आहे, पोरी. उघडून दाखवू?"

"ओरिनकाकांच्या आतही त्यांचंच होतं."

मागे कुणीतरी खोकलं.

"हा नियम मी केलाय, मार्ली."

"म्हणून तर मला पाठ आहे."

"अहो, मग काढा ना ते," रांगेतली एक बाई म्हणाली. "मारा नुसत्या हाताने, नेहमीसारखं."

आजोबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मार्लीनेही पाहिलं आणि पटकन नजर वळवली. शिट्टी एकदम जड झाली होती. पण तिने ती गळ्यातून काढली नाही, आणि आजोबांनी सांगाडा उचलून पलीकडचा रस्ता धरला.

तिथे ओरिन सूर्यफुलाच्या बिया चघळत खुर्चीत बसला होता. शेजारची खुर्ची त्याने पायाने पुढे सरकवली.

"ये बाबा. केव्हापासून जागा धरून बसलोय."

"गप्प बस, ओरिन."

"परवान्याला फार दिवस लागले?"

"अख्खा हिवाळा."

"मलाही. आणि एवढं करून मिळाली ही खुर्ची," ओरिन म्हणाला आणि टरफल थुंकला.

आजोबांचा नेम झकास लागला. ते दुसरे आले. पहिली आली दातांना तारा लावलेली एक बारा वर्षांची मुलगी. तिने त्यांना "छान प्रयत्न होता हं" असंही सांगितलं.

परतताना मार्ली गाडी चालवत होती. आजोबा खिडकीकडून तिच्याकडे वळले.

"त्या पोरीची बंदूक जरा जास्तच हलकी नव्हती? पुढच्या बैठकीत एक नियम करायला हवा."

मार्लीने पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि त्यांना कॉफी आणून दिली. कप तिने मुद्दामच अर्धा भरला होता.